पुष्ट वासरू कुणाचं होतं?

जेवणं उरकली, भांडी मोरीत गेली आणि शेजारचा रेडिओ बंद झाला की आमच्या घरी प्रार्थना व्हायची. भायखळ्याच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला पलंग, पलंगाखाली ट्रंका, खिडकीशी आईचं शिलाई मशीन. पप्पा शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचायचे आणि मग आम्ही चौघं डोळे मिटून एका सुरात सुरू करायचो, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. पप्पांचा आवाज जाड, धाकट्या भावाचा झोपाळलेला, माझा घाईचा. आईचा बारीक पण पक्का. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथपर्यंत तो ऐकू यायचा. पुढच्या ओळीला नसायचा. ‘आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ हे आम्ही तिघंच म्हणायचो. ‘आणि आम्हांस परीक्षेत आणू नको’ला ती परत यायची, मधे सुईतला दोरा संपला आणि तिनं नवा ओवून घेतला असावा तशी.

बरीच वर्षं मला वाटायचं, ती तेवढ्यात जांभई देत असेल.

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर बसले आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा आत गेलेच नाहीत. माझे पप्पा गिरणीत नव्हते. गिरगावातल्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते, दिवसभर उभ्यानं खिळे जुळवायचे, आणि त्यांच्या बोटांना कायम शिशाचा आणि रॉकेलचा वास असायचा. संप आमच्या घरात आला तो मामांच्या रूपानं. मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ नव्हेत. तिच्या माहेरच्या गावचे, नगरकडचे, आमच्याच चर्चच्या मंडळीतले. गिरणीत साचेवाले होते. वर्ष होत आलं तरी संप मिटेना, घरात तीन पोरं, तेव्हा त्यांनी एका पतपेढीतून आठ हजारांचं कर्ज काढलं आणि जामीन म्हणून पप्पांनी सही केली. आईनंच सांगितलं होतं सही करायला. ‘माझ्या गावचा माणूस आहे,’ म्हणाली होती.

१९८३ चा पावसाळा संपला तेव्हा मामांच्या खोलीला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं. खोली विकून ते कुटुंबासकट गेले होते. कुठे, ते चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मग पप्पांच्या नावावर नोटीस आली. आधी थकबाकी भरा, मग हप्ते. थकबाकीसाठी आईच्या दोन पाटल्या गेल्या. तिच्या आईनं दिलेल्या होत्या त्या, दुष्काळातही न मोडलेल्या. आई एकटीच झवेरी बाजारात गेली आणि दुपारी परत येऊन मशीनवर बसली. नंतर महिन्याला दोनशे दहा रुपये. जानेवारी १९८४ ते जून १९८८, चोपन्न हप्ते. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको यांतून बहुतेक निघाले. शंभर पानी वही होती, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. तिच्यात ती दर महिन्याला एक ओळ लिहायची आणि वही मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली सारायची.

आता संडेस्कूलकडे वळते, कारण न्यायाची भीती मला घालण्यात आली ती तिथे. शेवटच्या दिवशी राजा मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करणार, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मी घरी येऊन रडले होते. सुट्टीत आम्ही नगरला आजीकडे जायचो आणि आजीकडे मेंढरं नव्हती, शेळ्याच होत्या. एक तर माझ्या हातून पाला खायची. तिला सार्वकालिक अग्नीत घालायचं म्हणजे काय? पप्पांनी समजावलं की ही उपमा आहे, शेळीला काही होणार नाही. पुढे मत्तयाचा पंचविसावा अध्याय स्वतः वाचला तेव्हा चकित झाले. तिथला राजा कुणालाच विचारत नाही की तुझा विश्वास कशावर होता, उपासनेला किती रविवार आलास. तो विचारतो ते भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आणि आजारी नि कैदी यांची चौकशी. भायखळ्याच्या तुरुंगापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर बसून ‘मी तुरुंगात होतो’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकलं. आमच्यापैकी त्या भिंतीच्या आत किती जण गेले, ते सांगायला नको.

दुसरं आठवतं ते दयासन. हा शब्दच मला फार आवडायचा. निर्गमाच्या पुस्तकात देव मोशेला कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, करायला सांगतो, त्यावर शुद्ध सोन्याचं झाकण, दोन टोकांना पंख पसरलेले करूब, म्हणजे देवदूत. त्या झाकणाला आपल्या मराठी शास्त्रात दयासन म्हटलंय. लांबी अडीच हात, रुंदी दीड हात. मी आईच्या मशीनचं टेबल वितीनं मोजलं होतं, थोडंसंच कमी भरलं. कोशाच्या आत आज्ञांच्या पाट्या आणि वर दयासन. न्यायासन नावाचं दुसरं एक आसन पौलाच्या पत्रात आहे, ख्रिस्ताचं न्यायासन, ज्याच्यासमोर सगळ्यांना उभं राहायचंय. दोन आसनं, बसणारा एकच. तो कोणत्या वेळी कोणत्या आसनावर बसतो, हा प्रश्न मी बाईंना विचारला आणि मला पुढचं वचन पाठ करायला सांगण्यात आलं.

१९९७ मध्ये, ईस्टर झाल्यावरच्या रविवारी, मामा उपासनेला आले. (त्या रविवाराला कॅथलिक लोक आता दयेचा रविवार म्हणतात, तेव्हा म्हणत नव्हते.) केस पांढरे, शर्ट धुतलेला पण कॉलर विरलेली. दारातच उभे राहिले. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा विधी. पप्पांनी मागे वळून पाहिलं, बाकावर सरकले आणि शेजारी हात ठेवून जागा दाखवली. चौदा वर्षांत एक पत्र नाही आणि पप्पांनी चौदा सेकंदसुद्धा घेतले नाहीत. मामा येऊन बसले. भाकरीचं ताट आमच्या ओळीत यायच्या आत आई उठली, पदर सारखा केला आणि मधल्या वाटेनं बाहेर निघून गेली. चपला घालताना एक निसटून पायरीवर आपटली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

पुढे कित्येक महिने ती प्रभुभोजनाच्या रविवारी घरीच राहायची. बाकीचे रविवार यायची. मंडळीत कुजबुज व्हायला एवढं पुरतं. पप्पा काही बोलायचे नाहीत, पण ते दुखावले होते. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी कृती होती आणि बायकोनं तिच्याकडे पाठ फिरवली होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची, नोकरीला लागलेली, आणि पूर्णपणे पप्पांच्या बाजूनं. आई हिशेबी आहे, असं मी मैत्रिणीला सांगितल्याचंही आठवतं. आज ते आठवलं की कान गरम होतात.

अखेर पाळकसाहेब घरी आले. आदल्या रविवारी त्यांनी उधळ्या पुत्रावर संदेश दिला होता, वाटणी घेऊन सगळं उडवून परत आलेल्या धाकट्या मुलाला बाप माफ करतो आणि मेजवानी घालतो, त्या येशूच्या गोष्टीवर. रोख कुणाकडे ते सगळ्यांना कळलं होतं. आईनं चहा ठेवला.

“ताई, प्रभूनं क्षमा केली, तुमच्या घरच्यांनी केली. तुम्हीच का मन घट्ट करता?”

आईनं बशी पुढे सरकवली. “पाळकसाहेब, एक विचारू? बापानं पुष्ट वासरू कापलं. ते वासरू कुणाचं होतं?”

“कुणाचं म्हणजे? बापाचंच.”

“बापानं तर आधीच दोघांत वाटणी केलेली. धाकटा त्याचा हिस्सा उडवून आला. मग घरात उरलं ते थोरल्याचंच ना? बाप स्वतःच त्याला म्हणतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. तर थोरल्याला विचारलं का कुणी? तो शेतात राबत होता. वाजंत्री ऐकून त्याला कळलं, तेही नोकराकडून.”

पाळकसाहेबांनी चहा प्यायला.

“यांनी माफ केलं ते चांगलंच केलं,” आई म्हणाली. “पण पाटल्या यांच्या नव्हत्या.”

पप्पा खिडकीबाहेर बघत होते. मी लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय नंतर गुपचूप काढून पाहिला. आईचं बरोबर होतं, वाटणी बाराव्या वचनातच झालेली आहे. शेकडो संदेश ऐकले होते मी त्या गोष्टीवर. धाकट्याची डुकरं, त्या शेंगा, बापाचं धावत येणं, अंगठी, पायांत जोडा. थोरला मात्र नेहमी कुढ्या, हिशेबी, नियमावर बोट ठेवणारा परूशी म्हणूनच भेटला. आणि गोष्ट संपते कुठे? थोरला अंगणात उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतोय. तो आत गेला की नाही, ते लिहिलेलंच नाही. योना संदेष्ट्याचंही तसंच. निनवे चाळीस दिवसांत उलथणार म्हणून तो ओरडत फिरला, लोकांनी पश्चात्ताप केला, देव द्रवला, आणि हा माणूस संतापून शहराबाहेर जाऊन बसला. मला ठाऊकच होतं तू दयाळू आहेस, असं तो देवाला तक्रारीच्या सुरात सांगतो. पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर: ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत त्या नगरात, आणि पुष्कळ गुरंढोरं, त्यांची कीव मी करू नये का? योनाचं उत्तर नाही. दोन्ही ठिकाणी दयेनं ज्याचा खोळंबा झाला तो माणूस बाहेर उभा आहे आणि देव त्याच्याशी बोलत थांबलाय. त्याला कुणी डावीकडे केलेलं नाही, हे मला उशिरा दिसलं.

ऋणाचा हा शब्द आपल्या मराठीत राहिला, हे मला आपलं भाग्य वाटतं. इंग्रजी शाळेत माझा भाऊ हीच प्रार्थना ‘ट्रेसपासेस’ म्हणून शिकला. त्याला वाटायचं, रेल्वेच्या कुंपणावर ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड’ लिहिलेलं असतं त्याबद्दलच आहे हे, रूळ ओलांडले तर देव माफ करील. मत्तयाच्या ग्रीकमध्ये मात्र सरळ कर्जच आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात ‘होबा’ म्हणजे कर्जही आणि पापही. ज्यांच्यासमोर तो बोलत होता ती सावकाराला घाबरणारी माणसं होती, त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार.

आपल्याकडच्यांनाही लागलं नसतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला आठवड्याचा बाजार भरला होता. त्या दिवशी कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडल्या आणि कर्जाची खतं रस्त्यात आणून जाळली. पुढे हे लोण नगर जिल्ह्यातही गेलं. माणसांच्या जिवावर फारसं कुणी उठलं नाही, राग सगळा कागदावर होता. खत हाती आलं की जाळायचं आणि पुढच्या पेढीकडे जायचं. आमचे पूर्वज त्यात असण्याचा संभव कमी. कर्ज मिळायला गहाण ठेवण्याजोगं काही लागतं आणि गावकुसाबाहेर आमच्याकडे ते नव्हतं. पण पौल जेव्हा कलस्सैच्या मंडळीला लिहितो की आपल्याविरुद्धचं खत ख्रिस्तानं खोडलं आणि वधस्तंभाला खिळून रद्द केलं, तेव्हा मला हटकून सुप्याचा बाजार दिसतो. फरक एवढाच की सुप्यात धनको घरात दडून बसला होता, आणि पौलाच्या वाक्यात तोच खिळ्यांखाली आहे.

तो फरक मला आईच्या प्रश्नामुळे दिसला. क्षमा केली की हिशेब हवेत विरतो असं आपण बोलतो. विरत नाही. आठ हजार कुणीतरी भरलेच. कँटरबरीच्या ॲन्सेल्म या आर्चबिशपनं १०९८ च्या सुमाराला यावर ग्रंथच लिहिला की देवाला नुसतं ‘जा, माफ’ म्हणून का भागलं नाही, माणूस का व्हावं लागलं. पुढे व्यासपीठांवरून हे सगळं कोर्टातल्या खटल्यासारखं सांगण्याची रीत पडली. न्यायाधीश दंड ठोठावतो, मग त्याचाच मुलगा खाली उतरून भरतो. मला हा न्यायाधीश लहानपणापासून आखडू वाटत आलाय. पैसे घरातल्या घरातच फिरवायचे होते तर एवढा बडेजाव कशाला? पण त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट आई मशीनवर बसून सांगत होती: ज्याचं गेलं त्यानंच सोडावं. दुसऱ्याच्या पाटल्यांवर उदार होणं म्हणजे दया नव्हे.

मग देवाला तरी काय अधिकार? दावीद राजाच्या नावानं असलेल्या एकावन्नाव्या स्तोत्रात तो म्हणतो की तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. ज्याच्या बायकोला त्यानं ओढून आणलं आणि ज्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं, त्या उरीयाचं काय? त्याचं नाव स्तोत्राच्या ओळींत कुठेच नाही. या एका वाक्यावर मी अनेक वर्षं अडून होते. वाट सापडली ती त्या शेरडांच्या अध्यायात. ‘या माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला तुम्ही जे केलं ते मलाच केलं.’ म्हणजे उरीयाला लागलेला बाण देव आपल्या अंगावर लावून घेतो. पाटल्या त्याच्याही होत्या. म्हणूनच त्याला न्याय मागता येतो आणि सोडताही येतं. हे मला सुचलं तेव्हा आई जाऊन तीन वर्षं झाली होती. ती असती तर म्हणाली असती, ‘असेल. पण मला विचारायला काय झालं होतं?’

मत्तयात एक गोष्ट आहे, निर्दय चाकराची. एका राजाचे एका चाकराकडे दहा हजार तालंत येणे होते. एक तालंत म्हणजे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. मी एकदा गणित केलं होतं, सहा कोटी दिवसांची मजुरी होते, एक लाख चौसष्ट हजार वर्षांची. राजा ते सगळं सोडतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी दुसऱ्याची गचांडी धरतो. इथे व्यासपीठावरून नेहमी म्हटलं जातं, क्षुल्लक रकमेसाठी हो! आई म्हणायची, शंभर दिवसांचा रोज म्हणजे काय थट्टा आहे? येशूनं दोन पैसे म्हणता आले असते, म्हटलं नाही. समोरच्याचं देणं त्यानं खरंच ठेवलंय. आणि पाहा, या गोष्टीत न्याय दयेच्या आधी येत नाही, नंतर येतो. राजा माफी मागे घेतो ती तिचं पुढे काय झालं ते पाहून. मला ही गोष्ट आवडत नाही. खरी वाटते, पण आवडत नाही.

मामा १९९९ च्या डिसेंबरात गेले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पप्पा खांदा द्यायला गेले, आई गेली नाही. पुढच्या वर्षीच्या एप्रिलअखेरची गोष्ट. शेजारच्या कॅथलिक आंटींच्या घरी पेढे वाटले जात होते, कारण रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फाउस्टिना या पोलिश जोगिणीला संतपद दिलं होतं. आंटींच्या भिंतीवर तिच्या दर्शनातलं ते चित्र होतं, येशूच्या छातीतून निघणारा एक लाल आणि एक पांढुरका किरण, आणि खाली ‘येशू, मी तुझ्यावर भरवसा ठेवतो’. रोज दुपारी तीनला त्या माळ घेऊन बसायच्या. आमच्यात चित्रं नाहीत, माळ नाही आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना तर नाहीच. तरी तीन वाजले की आई मशीन थांबवायची. विचारलं तर म्हणायची, तिला आवाज नको.

त्याच आठवड्यात मामांची मोठी मुलगी आली. नर्स होती, ड्युटीवरून सरळ आलेली, पांढऱ्या गणवेशात. दारातच म्हणाली, “आत्या, आमच्या पप्पांचं तुमच्याकडे किती राहिलंय?”

पप्पा घाईनं म्हणाले, “अगं, ते कधीच मिटलं. बस तू.”

“मिटलं नाही,” आई म्हणाली आणि मशीनचा खण ओढला. बॉबिनचा डबा बाजूला ठेवला, वही काढली, चष्मा लावला. मला वाटलं आकडा सांगेल. तिनं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. “जानेवारी चौऱ्याऐंशी, दोनशे दहा. फेब्रुवारी, दोनशे दहा. मार्च, दोनशे दहा, त्यात साठ वरच्या मजल्यावरून उसने. एप्रिल, दोनशे दहा. मे, दोनशे दहा, शाळेची पुस्तकं जूनवर टाकली.” चोपन्न ओळी. पप्पांना त्यातल्या निम्म्या माहीत नव्हत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मुलगी पलंगाच्या कडेवर ताठ बसली होती, हात मांडीवर, आणि एकदाही मान खाली घातली नाही. वाचता वाचता आईचा आवाज चढला नाही की भरला नाही. वाण्याची यादी वाचावी तसं वाचलं. प्रकटीकरणात आहे की मेलेले, लहानथोर, राजासनासमोर उभे राहिले आणि पुस्तकं उघडण्यात आली. या ओळीनं मला लहानपणी थंडी भरायची. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की पुस्तक उघडावं म्हणून कुणीतरी वर्षानुवर्षं वाट बघत असतं.

“एकूण अकरा हजार तीनशे चाळीस,” आई म्हणाली. “पाटल्या वेगळ्या.”

मुलीनं पर्समधून पाकीट काढलं. दोन हजार होते. आईनं नोटा मोजल्या, दोनदा, आणि वहीत लिहिलं, जमा २,०००. मग चहा झाला. निघताना मुलीच्या गणवेशाचा काठ उसवलेला दिसला तर आईनं तिला तिथेच उभं करून, अंगावरच टाचून, नंतर पलंगाआड गणवेश काढायला लावून मशीनवर घालून दिला. तो वहीत लिहिला नाही.

ती दर महिन्याला येऊ लागली, पाचशे रुपये घेऊन. पाच वेळा आली. पाचव्या वेळी आई म्हणाली, “पुढच्या महिन्यात नुसती ये.”

प्रभुभोजनाला आई परत केव्हापासून जायला लागली, ते मला नीट आठवत नाही. त्या पावसाळ्यात केव्हातरी. ती रात्र मात्र आठवते. नेहमीसारखी प्रार्थना चालू होती, भाकरीची ओळ झाली आणि आईचा आवाज थांबला नाही. पण शब्द वेगळे आले. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडत आहोत.’ आम्ही तिघं ‘सोडले आहे’ म्हणालो, ती ‘सोडत आहोत’, ओळ विस्कटली. मी डोळे उघडले. पप्पांनीही उघडले होते. हा माणूस तीस वर्षं मुद्रितं तपासत आलेला, काना-मात्रेची चूक त्याला लांबून दिसायची, हॉटेलच्या पाट्यासुद्धा सोडायचा नाही. त्यांनी आईकडे पाहिलं, परत डोळे मिटले आणि पुढे म्हणू लागले. दुसऱ्या दिवशीही ती तसंच म्हणाली. नंतर कायमच.

पुष्कळ वर्षांनी एका अभ्यासवर्गात कळलं की ही प्रार्थना लूकमध्येही आहे आणि तिथे ग्रीक क्रियापदाचा काळ निराळा आहे. मत्तयात सोडलं आहे, लूकमध्ये सोडतो. आईनं लूकशी ताडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. तिला जेवढं खरं म्हणता येत होतं तेवढं ती म्हणाली.

वही आता माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात ‘बाकी ६,८४०’. त्यावर काट मारलेली नाही, खाली ‘माफ’ लिहिलेलं नाही, सही नाही. मामांची मुलगी अजून येते, नाताळात करंज्या घेऊन, आणि आईच्या मशीनशेजारच्याच खुर्चीवर बसते. पाटल्यांचं अजून कुणी काढलेलं नाही.